चौथ्या खाटेची घंटा

प्रज्ञा,

काल कंपनीत तुझी शोकसभा झाली. गाडेसाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "प्रज्ञा अतिशय शांत आणि मितभाषी मुलगी होती." मी पटकन मान खाली घातली. मला हसू आलं होतं, आणि त्या हसण्याचं पुढच्या क्षणी काय होणार हेही मला कळत होतं. शांत! ज्या मुलीने याच साहेबांच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर आपटून "हे मशीन माझ्या सहीने बाहेर जाणार नाही" असं सांगितलं होतं, ती शांत! माणूस गेलं की लोक त्याला इस्त्री करून घडी घालून ठेवतात. मला ती इस्त्रीची प्रज्ञा नको आहे. म्हणून हे लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे मला समजतं. पण दुसऱ्या कुणाशी तुझ्याबद्दल बोलायचं तर 'होती' म्हणावं लागतं. तुझ्याशी बोलताना 'तू' म्हटलं की भागतं.

एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तुझ्याआधी आले होते. झेंडीगेटहून रोज सिटी बसने जायचे, आणि दुसरी एक मुलगी इंजिनियर म्हणून येणार हे ऐकून किती खूश झाले होते. आलीस ती केस घट्ट बांधून, खांद्याला कापडी पिशवी. मी विचारलं, "कुठली तू?" म्हणालीस, "नेवाशाची. वडील एसटीत कंडक्टर होते. बौद्ध आहोत. अजून काही विचारायचंय?" मी म्हटलं, "डब्यात काय आहे, ते विचारायचं होतं." तेव्हा तू पहिल्यांदा हसलीस. त्या दिवशी तुझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी होती, आणि ती मी जवळजवळ सगळी संपवली.

आपलं काम बाहेरच्या माणसाला सांगताना मी नेहमी गडबडायचे, तू एका दमात सांगायचीस. दवाखान्यातल्या चार खाटांवरच्या चार रुग्णांच्या हृदयाची रेघ एकाच कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवायची, आणि कुणाचा ठोका चुकला की घंटा वाजवायची. छातीवरच्या तारांपासून कॉम्प्युटरपर्यंतचं सगळं तुझं. कॉम्प्युटरच्या आतला प्रोग्रॅम माझा. पहिलं मशीन श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात बसवलं तेव्हा साहेबांनी पेढे आणले होते.

मग तिथल्या सिस्टरचा फोन आला. चौथ्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांची नाडी अडखळायला लागली. सिस्टर नेमकी शेजारीच उभी होती म्हणून तिला कळलं. तिने डॉक्टरांना हाक मारली, इंजेक्शन दिलं, बाबा सावरले, आणि मग आपली घंटा वाजली. सिस्टर फोनवर चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, "मॅडम, मी पाणी प्यायला गेले असते तर?"

ते वाक्य तू फळ्यावर लिहून ठेवलंस. साहेबांनी पुसायला सांगितलं, तू पुसलं नाहीस.

मला खात्री होती की दोष माझ्या गणितात आहे. विजेच्या तारांची गुणगुण छातीच्या तारांमध्ये घुसते, ती वेगळी काढणारा जो फिल्टर मी लिहिला होता त्यात गुणाकारच गुणाकार होते. तोच हळू असणार, दुसरं काय? मी तो सगळा नव्याने, अगदी प्रोसेसरच्या भाषेत लिहिला. कित्येक दिवस डोकं वर काढलं नाही. फिल्टर दुप्पट वेगाने चालायला लागला. दिवसभर मशीन चालू ठेवून संध्याकाळी तपासलं, तर घंटा जवळजवळ तेवढीच उशिरा.

तेव्हा मी तुझ्यावर घसरले. "तुझ्याच खोक्यात काहीतरी आहे. माझ्याकडे आकडे उशिरा येतायत."

"मोजलंस का?"

"काय मोजायचंय? दिसतंय की."

"काय दिसतंय? तुला वाटतंय, नसीम. वाटणं आणि दिसणं एक नाही."

"तू मला शिकवू नकोस."

"मी शिकवत नाहीये. मी मोजणार आहे. तुला राग आला असेल तर राग घेऊन शेजारी बस."

आणि मी खरंच राग घेऊन शेजारी बसले. तू कॉम्प्युटरच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला एक बारीक तार सोल्डर केलीस आणि तिचं दुसरं टोक ऑसिलोस्कोपला जोडलंस. प्रिंटर नव्हताच, त्याची पिन आपल्याला वापरायला मोकळी होती. मला म्हणालीस, "प्रोग्रॅमचा एक भाग सुरू झाला की ही पिन चढव, संपला की उतरव. बाकी काही करू नकोस." मी तेवढंच केलं. स्कोपच्या हिरव्या पडद्यावर रेघ उठायची, थोडा वेळ वरच राहायची, पडायची. जेवढी रुंद उडी, तेवढा त्या कामाला लागलेला वेळ. माझा प्रोग्रॅम आत काय करतो हे मी रोज कागदावर वाचत होते. तो प्रत्यक्ष वेळ घेताना मी पहिल्यांदा पाहिला.

"यात माझा फिल्टर कुठला?" मी विचारलं.

तू सुईसारख्या एका बारीक रेघेवर बोट ठेवलंस.

"एवढासा?"

"एवढासा."

इतक्या दिवसांची माझी मेहनत त्या सुईत होती. तू हसली नाहीस. 'तरी मी सांगत होते' असंही म्हणाली नाहीस. उठून चहा घेऊन आलीस, माझ्यासमोर ठेवलास आणि पुढची पिन जोडायला लागलीस. प्रज्ञा, आभार मानायचं आपल्यात कधी नव्हतं. त्या चहाचे मानायला हवे होते.

रुंद उडी सापडली ती भलत्याच जागी. चारही खाटांचे ताजे आकडे एकामागून एक उचलायचे, मागच्या आकड्यांशी जोडून पाहायचे आणि घंटा वाजवायची की नाही ते ठरवायचं, असा चार ओळींचा साधा भाग. त्यात एकही गुणाकार नव्हता. मी त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, कारण पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं. वेळ तिथे जात होता. दर सेकंदाला येणारं काम त्या सेकंदात पुरं होत नव्हतं. उरलेलं पुढच्यावर, त्याचं त्याच्या पुढच्यावर. तासाभराच्या तपासणीत ते कळण्यासारखं नव्हतं. वॉर्डमध्ये मशीन दिवसभर चालायचं आणि मागे पडत राहायचं.

पण इतक्या साध्या बेरजेला वेळ का लागावा? साहेब म्हणाले, "मुलींनो, पुरे आता. चौथी खाट काढून टाका. तीन खाटांचं मशीन विकू. तिन्हीवर घंटा वेळेवर वाजते ना?" मला ते पटलं होतं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तू मात्र अडून बसलीस. "तीनवर का वाजते आणि चारवर का नाही हे कळल्याशिवाय तीनचंही काही खरं नाही," म्हणालीस. स्क्रू-ड्रायव्हर आपटलास तो याच वेळी. साहेबांनी शेवटी आठवडाभर दिला.

नव्या प्रोसेसरच्या पोटातच मोजणारे काटे बसवलेले असतात, पण बनवणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, असं तू पुण्यातल्या एका वर्गमैत्रिणीकडून ऐकलं होतंस. रविवारी एसटीने पुण्याला गेलीस, तिच्याकडून ते काटे कसे वाचायचे ते समजून घेतलंस आणि सोमवारी दहाच्या ठोक्याला खुर्चीत हजर. प्रोसेसर आपल्या हाताशी थोडीशी मेमरी ठेवतो. हवा तो आकडा तिथे मिळाला तर लगेच, नाही मिळाला तर लांबच्या मेमरीतून आणावा लागतो आणि तोवर थांबावं लागतं. असं किती वेळा थांबावं लागलं, ते आपण मोजायला बसलो.

एक खाट जोडली. काटा जवळपास जागचा हलला नाही. दुसरी जोडली, तसंच. तिसरी जोडली आणि आकडा असा उसळला की मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तू माझ्याकडे वळलीस. डोळे चमकत होते. "बघ. बिघाड तिसरीलाच होतोय. घंटा वेळेवर वाजते, पण कशीबशी. चौथीला बाहेर येतं एवढंच. आपण तीनचं मशीन विकलं असतं, नसीम."

मला त्या सिस्टरचं फळ्यावरचं वाक्य दिसत होतं.

कारण काय हे मला समजायला दुपार लागली. तू समजावलंस ते दाराशेजारच्या खुंट्या दाखवून. "समज, आपण चौघी आहोत आणि चौघींनी पिशव्या याच दोन खुंट्यांवर अडकवायच्या असं तू ठरवलंस. दोघी होत्या तोवर ठीक. तिसरी आली की कुणाची तरी पिशवी खाली काढूनच तिची अडकवावी लागणार. मग जिची काढली तिला तीच हवी असते. दिवसभर नुसती काढघाल."

"पण भिंतभर खुंट्या रिकाम्या आहेत की!"

"आहेत ना. पण तूच सगळ्यांना याच दोन दिल्यास."

खरंच होतं. प्रत्येक खाटेच्या आकड्यांसाठी मी मेमरीत अगदी एका मापाची जागा आखली होती, एकाला लागून एक. त्या नीटनेटकेपणामुळेच चौघांचे आकडे हाताशी यायचे ते एकाच जागी. उपाय इतका छोटा होता की मला लाज वाटली. दोन खाटांच्या जागांमध्ये थोडी जागा रिकामी सोडायची. कशासाठीच न वापरलेली जागा. मी ती सोडली, तू पिन जोडलीस, आणि स्कोपवरची ती रुंद उडी आपल्या डोळ्यांसमोर आकसली. तू टाळी वाजवलीस. एकदाच. शेडमधले सगळे वळून बघायला लागले.

श्रीरामपूरला आपण दोघी गेलो. सिस्टरने चौथ्या खाटेवर मला झोपवलं, तारा लावल्या, मशीन दिवसभर चालू ठेवलं. संध्याकाळी तू माझी एक तार उपटलीस आणि घंटा लगेच वाजली. सिस्टर दचकली, मग हसली, मग तिने तुझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. परतीच्या एसटीत तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस. तुझा श्वास मला ऐकू येत होता. वरवरचा, घाईचा. दमली असेल, असं मला वाटलं.

तपासणीला नेहमी मीच का असायचे, प्रज्ञा? तारा लावून घ्यायला मी, खाटेवर झोपायला मी, पडद्यावर रोज माझीच रेघ. मी म्हणायचे, "आज तू बस." तू म्हणायचीस, "मला यंत्राकडे राहावं लागतं." किंवा, "तुझं हृदय पुस्तकातल्यासारखं आहे, त्याच्यावर मशीन छान दिसतं." मी हसायचे. जिना चढताना तू मध्येच थांबून चपलेचा पट्टा सारखा करायचीस. एकदा मी विचारलंही, "दम लागतो का गं तुला?" तू म्हणालीस, "केडगाव ते एमआयडीसी रोज मोपेड चालव, मग कळेल." दुसऱ्यांदा विचारलं तर चिडलीस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दोन दिवस अबोला धरलास. तुझ्याशी कोण भांडणार?

भांडण आपलं दुसऱ्याच गोष्टीवरून चाललं होतं, आणि ते तसंच राहिलं. मशीन सुधारल्यावरही स्कोपवर अधूनमधून एक उडी जराशी लांबायची. घंटेवर तिचा काही परिणाम नव्हता. मी म्हणायचे, "सोड आता. सगळंच कळलं पाहिजे असं नाही." तू म्हणायचीस, "मला कळलं पाहिजे." मी म्हणायचे, "त्याने कुणाचं काही बिघडत नाही." तू म्हणायचीस, "आज." परवा मी ती तार पुन्हा जोडली. ती उडी अजून आहे. मला अजूनही वाटतं की सोडून द्यायला हरकत नाही. तुझं म्हणणं मला पटलं असं आता तू गेलीस म्हणून मी म्हणणार नाही. तुला ते आवडलंही नसतं.

त्या दुपारी तू जिन्यात बसलेली दिसलीस. या वेळी चपलेला हात नव्हता. दोन्ही हातांनी कठडा धरला होतास, ओठ निळसर झाले होते. साहेबांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे रागाने बघितलं. "हृदयाची झडप आहे ही. आजची नाही. यांना माहीत नव्हतं?" मी तुझ्याकडे बघितलं. तू नजर चुकवली नाहीस.

डॉक्टर गेल्यावर म्हणालीस, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. तेव्हाचं आहे. कॉलेजात कळलं."

"कॉलेजात? घरी माहीत आहे?"

"नाही."

"का?"

"घरी बसवलं असतं. आई तर मला उंबरठ्याबाहेर जाऊ देणार नाही. ऑपरेशन करायचंच होतं. जरा स्थिर झाल्यावर."

"स्थिर म्हणजे कधी?"

"ओरडू नकोस. हा दवाखाना आहे."

तुला माझ्यावर हुकूम सोडता येत होता याचाच मला केवढा आधार वाटला. तुझ्या छातीला तारा लावल्या होत्या. उशाशी दुसऱ्याच कुणीतरी बनवलेलं मशीन होतं. पडद्यावर मी पहिल्यांदा तुझी रेघ पाहिली. माझ्यासारखी नव्हती. ती पाहिल्याबरोबर मला सगळं कळलं. तपासणीच्या पहिल्याच दिवशी तू बसली असतीस तर मला तेव्हाच कळलं असतं, आणि म्हणूनच तू कधी बसली नाहीस.

तू त्या पडद्याकडे बराच वेळ बघत होतीस. मग म्हणालीस, "हे मशीन एक ठोका मागे आहे."

"प्रज्ञा, गप्प पड."

"मनगट धर आणि बघ ना. मोज."

मी तुझं मनगट धरलं. हात गार होता. बोटाखालचा ठोका आणि पडद्यावरची उडी, दोन्हीकडे लक्ष ठेवून मी पाहत राहिले. नाडी अडखळत होती, पडद्यावरची रेघही तशीच अडखळत होती, त्याच वेळी.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मागे नाहीये."

"खात्री?"

"मोजलं मी."

"मग ठीक," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. पुण्याला हलवायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे आईवडील नेवाशाहून पोचले, तुला भेटले, आणि गाडीची व्यवस्था होईपर्यंतच सगळं संपलं. मी खाली औषधं आणायला गेले होते. जिना चढताना वॉर्डातल्या मशीनची घंटा ऐकू आली. वेळेवरच वाजली असणार.

मला तुझा राग आला आहे, प्रज्ञा. कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून तुलाच सांगते. मला तुझ्या रेघेजवळ बसता आलं असतं. मी तुझ्या आईला समजावलं असतं, डॉक्टरांकडे नेलं असतं, भांडले असते. तुझ्याकडूनच तर शिकले होते. घरी बसायची तुझी भीती खरी होती हे मला माहीत आहे. माझ्या घरातही ती आहे. तरी राग जात नाही. आणि रागाच्या मागोमाग लगेच तो चहाचा कप आठवतो, आणि मग माझ्या हातून काही होत नाही.

रविवारी नेवाशाला तुझ्या घरी गेले. दारात बायका बसल्या होत्या, भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तुझा पदवीचा फोटो. तुझ्या आईने मला जवळ बसवलं. मला वाटलं होतं, ती तुझ्या आजाराबद्दल विचारेल. तिने विचारलं, "तू तिच्यासंगं हुतीस ना गं? मला येक सांग. काय काम करायची माझी लेक? ती सांगायची, पर मला कळायचं न्हाई. मी नुसतं व्हय व्हय म्हनायची."

मी सांगायला लागले. खाटा, तारा, पडदा. कॉम्प्युटर आत कुठे अडतो ते तुमची लेक शोधून काढायची. श्रीरामपूरच्या दवाखान्यात घंटा उशिरा वाजत होती, ती हिने वेळेवर आणली. तिथे लोकांचे जीव असतात. तुझ्यासारखं एका दमात मला काही जमलं नाही. तुझी आई लक्ष देऊन ऐकत होती, ओठ हलवत, शाळेतली पोर पाठ करते तशी.

"म्हंजी मानसाला काय व्हाया लागलं," ती म्हणाली, "की दुसऱ्याला टायमाला कळावं. त्यासाठीचं काम."

"हो, आई. तेच."

"आन् तिचं आमाला कळलं न्हाई."

बायकांपैकी कुणीतरी पदर तोंडाला लावला. तुझे वडील उठून बाहेर गेले. याला तू काय उत्तर दिलं असतंस, हे मला खरंच विचारायचं आहे.

थोड्या वेळाने तुझी आई गुडघ्यावर हात देऊन उठली. "लांबनं आलीस. जेवून जा," म्हणाली. मला भूक नव्हती. तिने ताट मांडलं, भाकरी वाढली, पिठलं वाढलं आणि समोर बसून राहिली. मी खाल्लं. तिने पुन्हा वाढलं, तेही खाल्लं. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हाही नको म्हटलं नाही. तिला कुणाला तरी वाढायचं होतं.